आदिलाबादच्या वाटेवर

आमच्या वाचकांपैकी आदिलाबाद पाहिलेले फार थोडे असतील. वेळांकण्णीची यात्रा करून आलेली, गोव्यास जाऊन आलेली कुटुंबे आपल्या गावोगावी आहेत. परंतु तेलंगणाच्या उत्तर टोकाला, पैनगंगेपलीकडे वसलेल्या या जिल्ह्यात मुद्दाम कोण जाणार? आम्हीही गेलो नसतो. पण सेमिनरीतील आमचे एक सहाध्यायी त्या मुलुखात धर्मगुरू आहेत. "एकदा तरी येऊन जा," असा त्यांचा लकडा गेली दहा वर्षे चालू होता आणि आमच्याकडे दरवर्षी नवी सबब तयार असे. अखेर गेल्या माघ महिन्यात सबबी संपल्या. कल्याणला नंदिग्राम एक्सप्रेस पकडली आणि निघालो.

प्रवासाचे वर्णन करण्यापूर्वी एका जुन्या गोष्टीची कबुली देणे भाग आहे. ती नसती तर हा लेखही लिहिला गेला नसता.

२०२० सालच्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, २५ मार्चपासूनची संपूर्ण बंदी, चर्चच्या दारांना लागलेली कुलुपे, हे सारे आपण सर्वांनी भोगले आहे. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आला आणि झावळ्यांवाचून गेला. १२ एप्रिलचा ईस्टरचा मिस्सा आम्ही रिकाम्या बाकांसमोर अर्पण केला. त्या दिवसांत आमचा मुक्काम वसईतील एका गावी होता. संध्याकाळी गच्चीवर जपमाळ म्हणत फेऱ्या घालताना दक्षिणेकडे पाहावे तो मुंबईवर नित्य दिसणारी करडी पट्टी नाहीशी झालेली. आभाळ कसे स्वच्छ निळे! लोकलचा खडखडाट नाही, मोटारींचे भोंगे नाहीत; पाखरांचा आवाज तेवढा ऐकू येई. त्याच सुमारास पंजाबातील जालंदरहून बातमी आली, की सुमारे दोनशे किलोमीटर दूर असलेल्या धौलाधारच्या डोंगररांगेची हिमशिखरे तेथील घरांच्या गच्च्यांवरून दिसू लागली आहेत.

आम्ही लगेच प्रवचन तयार केले, फोनवर ध्वनिमुद्रित केले आणि घरोघर धाडले. मनुष्य थांबला आणि सृष्टीने श्वास घेतला, परमेश्वराने आपले आकाश स्वहस्ते धुऊन काढले, असे आम्ही त्यात म्हटले होते. लोकांना ते फार आवडले. दुसऱ्या धर्मग्रामांतून निरोप आले. आम्हांसही ते आवडले होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

त्यात खोटे काही नव्हते. दिल्लीतील हवा मोजणाऱ्या ३४ केंद्रांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा बंदीपूर्वीच्या आठवड्यांच्या मानाने हवेतील धूलिकण निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू सुमारे ५३ टक्क्यांनी आणि कार्बन मोनॉक्साइड सुमारे ३० टक्क्यांनी घटला होता. धूलिकण म्हणजे अंगणातील धूळ असे मात्र कोणी समजू नये. ज्यांना पीएम २.५ असे नाव आहे, ते कण एका मिलिमीटरचे चारशे भाग केले असता त्यातील एका भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात. डोक्याचा केस त्यांच्या वीस-पंचवीस पट जाड भरेल. नाकातील केसांना ते जुमानीत नाहीत. थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तेथून रक्तात शिरतात. लाकूड, कोळसा, डिझेल, कचरा, काहीही जळले की ते निर्माण होतात. नायट्रोजन डायऑक्साइड मुख्यतः मोटारींच्या व कारखान्यांच्या ज्वलनातून येतो आणि हवेत काही तासच टिकतो. म्हणून चाके थांबताच प्रथम उतरला तो हा वायू. चीनमधील वुहान शहर २३ जानेवारी २०२० रोजी बंद झाले, तेव्हा त्या देशावरील या वायूचा पडदा विरळ झालेला उपग्रहांनी अंतराळातून टिपला होता.

मागाहून या हिशेबात थोडी दुरुस्ती झाली, तीही सांगितली पाहिजे. उत्तरेकडे हिवाळ्यात हवा जमिनीलगत कोंडून राहते. मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापते, वारा सुटतो आणि ती ऋतुमानानेही थोडी निवळते. म्हणजे सारेच श्रेय बंदीचे नव्हे. काही शहरांत ओझोन वायू तर उलट वाढला. कारण मोटारींच्या धुरातील एक वायू ओझोनला खाऊन टाकतो आणि तो खाणाराच कमी झाला होता. वीजकेंद्रांच्या चिमण्या सर्वस्वी थांबल्या नव्हत्या. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमारास, दिल्लीचा हवा निर्देशांक पुन्हा ४०० च्या वर गेला. ५० पर्यंतचा अंक चांगला आणि ४०० च्या पुढचा अतिगंभीर, अशी त्याची प्रत असते. धुतलेले आभाळ सात-आठ महिन्यांत मळले.

असो. गाडीकडे वळू.

मनमाड मागे पडल्यावर डब्यातील बहुतेक दिवे मालवले गेले. आमच्यासमोर जालन्याचे एक गृहस्थ होते. एका लोखंडाच्या कारखान्यात हिशेब लिहितात. आमच्या गळ्यातील क्रूस पाहून त्यांनी ओळखले आणि गप्पा सुरू झाल्या. त्या वेळचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, गेल्यावर काही वेळाने ते खिडकीबाहेरच्या काळोखात पाहत म्हणाले, "फादर, हे करमाड. इथंच झालं ते."

८ मे २०२० ची ती पहाट वाचकांस आठवत असेल. जालन्याच्या लोखंड कारखान्यांतील मध्य प्रदेशचे वीस मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने पायी निघाले होते. रात्रभर चालून थकले आणि गाड्या बंद आहेत अशा समजुतीने रुळांवरच निजले. मालगाडीखाली सोळा जण गेले. त्यांच्याजवळच्या पोळ्या रुळांवर विखुरलेल्या होत्या; ते छायाचित्र सर्व वर्तमानपत्रांत आले होते.

जालन्यास भंगार लोखंड वितळवून सळया करणाऱ्या मोठ्या भट्ट्या आहेत. केंद्र सरकारने २०१९ साली स्वच्छ हवेचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आखला, त्यातील शहरांच्या यादीत जालन्याचेही नाव आहे. ते गृहस्थ सांगू लागले, "भट्ट्या थंड झाल्या तशी आमच्या गच्चीवर काजळी पडायची थांबली. आम्ही आनंदानं गाद्या वर टाकून झोपायला लागलो. आणि मग ही पोरं निघाली."

पुढे ते फारसे बोलले नाहीत आणि जालन्यास उतरून गेले. आम्हांस मात्र झोप लागली नाही. भट्टी थांबली म्हणून काजळी थांबली, आणि भट्टी थांबली म्हणूनच रोजी थांबली. दोन्ही एकाच चिमणीच्या गोष्टी. आमच्या प्रवचनात चिमणीचे वरचे टोक तेवढे होते.

उजाडले तेव्हा गाडी किनवटच्या बाजूस होती. सागाची झाडे, कापूस वेचून झालेली शेते, आणि प्रत्येक वस्तीवर कौलांच्या उंचीला तरंगणारी धुराची निळसर चादर. या भागात कडाक्याची थंडी पडते. गार हवा जड होऊन खाली बसते आणि चुलींचा धूर तिच्यातच अडकून राहतो; ऊन वर आल्यावरच तो मोकळा होतो. किनवट आज नांदेड जिल्ह्यात असले, तरी ते आणि राजुरा हे दोन्ही तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. हैदराबाद संस्थान, मग आंध्र प्रदेश आणि २ जून २०१४ पासून तेलंगण, अशी या जिल्ह्याची पाटी बदलत गेली. बाजारातील मराठी मात्र बदलली नाही. आदिलाबादच्या कापूस बाजारात दलाल तेलुगूत भाव बोलतो, शेतकरी मराठीत कुरकुरतो आणि हमाल हिंदीत दोघांना घाई करतो. डोंगरांत गोंड व कोलाम बांधव राहतात. केसलापूरची नागोबाची जत्रा पौष अमावास्येस भरते. आम्ही गेलो तेव्हा ती आटोपली होती, पण परतणाऱ्या गाड्यांची आणि चुलींच्या तीन दगडांची आठवण लोक अजून सांगत होते.

आमच्या मित्रांचे धर्मग्राम लहान आहे. हा सारा प्रदेश पूर्वी चांद्याच्या सिरो-मलबार मिशनमध्ये मोडत असे. ते मिशन १९६२ साली स्थापन झाले. आदिलाबादचा निराळा धर्मप्रांत १९९९ साली झाला, त्याचे पीठ मंचेरियाल येथे आहे. पूर्वेकडील परंपरेचा मिस्सा आम्हां लॅटिन परंपरेतल्यांना प्रथम थोडा परका वाटतो, त्यातून तो तेलुगूत. परंतु मिस्सा संपून माणसे अंगणात आली की 'केव्हा आलात, कधी जाणार' हे मराठीतच. पैनगंगेच्या या तीरावर प्रार्थनामंदिरे ८ जून २०२० पासून उघडण्यास परवानगी मिळाली, पलीकडच्या तीरावर महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरला मिळाली. पाच महिने पलीकडचे भाविक अलीकडच्या घंटेला कान देत होते, असे मित्र हसून सांगत होते. हसून सांगितले, पण ते दिवस हसण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांस महामार्गाच्या कडेच्या एका मराठी वस्तीवर नेले. हा रस्ता म्हणजे श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४. दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटरवर हैदराबाद, उत्तरेस भोरजचा नाका, मग पैनगंगेचा पूल आणि पलीकडे पांढरकवडा, नागपूर. हैदराबादेत इमारती बांधणारे बिहारचे, उत्तर प्रदेशचे, झारखंडचे मजूर काम बंद झाल्यावर याच रस्त्याने उत्तरेस चालत निघाले होते. मजुरांसाठी पहिली खास रेल्वेगाडी हैदराबादजवळच्या लिंगमपल्लीहून झारखंडातील हटियाला सुटली ती १ मे २०२० रोजी. म्हणजे बंदी सुरू होऊन पाच आठवडे उलटल्यावर. तोवर पाय हेच वाहन. नंतरही पुष्कळांच्या नशिबी पायच होते. आणि मे महिन्यात आदिलाबादचा पारा ४४-४५ अंशांवर जातो.

वस्तीवर एका आजींच्या घरी आमचे जेवण होते. वय सत्तरीच्या आसपास, बोलणे खणखणीत. आमच्या मित्रांनी थट्टेने सांगितले, की याच फादरांचे ते आभाळाचे प्रवचन, जे मी तुम्हां सर्वांना फोनवर ऐकविले होते. आजींना ते आठवत होते. त्या म्हणाल्या, "तुमच्या शहरातलं आभाळ साफ झालं असन, फादर. ते मानसं त इकडून गेले."

मग त्या आपणहून सांगू लागल्या. "म्या पयले मोजत होती. शंभराच्या वर गेल्यावर मोजनं सोडून देल्लं. लेकरं खांद्यावर, डोक्शावर बोचकं. ऊन लय, म्हनून रात्री चालत. आमच्या नळावर पानी प्यायचे अन् तिथंच बसून राह्याचे. बोलनं कोनाचं समजे ना. भाकर दाखवली का समजे."

वस्तीतील पाच-सहा घरांनी मिळून भाकरी करावयाचे ठरविले. सकाळी एक टोपले, संध्याकाळी एक टोपले. डाळ सरली तेव्हा ठेचा. कोणी संस्था नाही, पावती नाही, फलक नाही. कोणास साथ लागली असेल याची भीती होतीच. म्हणून टोपले रस्त्याच्या कडेला ठेवून माणसे मागे सरत.

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी रोममधील संत पीटरच्या रिकाम्या चौकात, पावसात, परमगुरू पोप फ्रान्सिस यांनी एकट्याने केलेली प्रार्थना पुष्कळांनी घरी बसून पाहिली असेल. सरोवरातील वादळाचे शुभवर्तमान त्यांनी निवडले होते आणि आपण सारे एकाच नावेत आहोत असे सांगितले होते. ते आज हयात नाहीत. २१ एप्रिल २०२५ रोजी प्रभूकडे गेले. सृष्टीविषयीच्या आपल्या २०१५ च्या पत्रात त्यांनी पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितले आहे. ते पत्र आम्ही सेमिनरीच्या उजळणी वर्गात शिकविलेही होते. शिकविणे निराळे, आणि गच्चीवर उभे राहून निळ्या आभाळाने हरखून न जाणे निराळे.

जेवण आत स्वयंपाकघरात होते. दारातून वाकून आत शिरलो आणि डोळ्यांना पाणी आले. चुलीत पऱ्हाट्या पेटल्या होत्या. वेचणी संपली की कापसाची ही वाळलेली झाडे उपटून मोळ्या बांधून ठेवतात. वर्षभराचे फुकट सरपण. ती भुरुभुरु जळते आणि धूर भरपूर करते. भिंत काळी, आढे काळे, देवाच्या चित्राची काच पिवळी. आजी एका हाताने भाकरी थापीत, दुसऱ्या हाताने फुंकणी घेत आणि मधूनमधून खोकत. तो खोकला सर्दीचा नव्हता. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती; तिच्यावर स्वच्छ फडके घातलेले. पाहुणे आले की चहापुरती. आम्ही विचारले, तेव्हा उत्तर सरळ होते: सिलिंडरचे पैसे आधी एकदम मोजावे लागतात, सवलत मागाहून खात्यात येते, आणि पऱ्हाटी शेतात उभी आहे.

त्यावर त्यांनी जे सांगितले ते आम्ही विसरणार नाही. २०२० च्या त्या उन्हाळ्यात उज्ज्वला योजनेच्या घरांना तीन सिलिंडर मोफत मिळाले होते. त्यांच्याकडे पहिला आला तो चालणाऱ्यांच्या भाकरी भाजण्यातच पंधरा दिवसांत संपला. "पन तेवढे पंधरा दिवस डोळे नाई जळले," आजी म्हणाल्या. "शंभर शंभर भाकरी केल्या, पन डोळे नाई जळले."

म्हणजे त्या साली हवा दोन ठिकाणी स्वच्छ झाली होती. शहरातली, तेथील भट्ट्या व चाके थांबल्याने. आणि या आठ-दहा हात खोलीतली, चूल बदलल्याने. शहरात हवा निवळली तेव्हा माणसे उपाशी निघाली. येथे हवा निवळली तेव्हा त्यांना भाकर मिळत होती. दिल्लीच्या हवेवर शेकडो लेख झाले. या खोलीत कोणतेही यंत्र नव्हते.

चुलीच्या धुराचा हिशेब लहान नाही. घरात सरपण, गोवऱ्या, कोळसा वा रॉकेल जाळल्याने होणाऱ्या धुराने जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्याच वर्षी करोनाने झालेल्या, अधिकृतपणे नोंदलेल्या मृत्यूंची संख्या जगभरात सुमारे १८ लाख होती. नोंद न झालेले त्याहून पुष्कळ असतील, हे खरे. परंतु एकासाठी सारे जग थांबले आणि दुसऱ्यासाठी कोणी फुंकणीही खाली ठेवली नाही. त्यात लहान मुले पुष्कळ आहेत. कारण ती आईच्या कडेवर असतात आणि आई चुलीपाशी. शिवाय हा धूर घरातच राहतो असे नाही. देशाच्या हवेत जे बारीक कण आहेत, त्यांत घरगुती सरपणाचा वाटा फार मोठा आहे. गावचा धूर शहरालाही पोहोचतो. आपल्या वसईच्या बाजूस चुली आता कमी झाल्या, पण वाडीतला पाला आणि त्याबरोबर प्लास्टिक पेटवून देण्याची सवय गेलेली नाही. राखेच्या बुधवारासाठी झावळ्या जाळतो तेवढ्या पुरेत.

जेवणात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी होती. आम्ही आग्रह करूनही आजींनी गॅस पेटविला नाही. चुलीवरची भाकरी पाहुण्याला गोड लागते, हे त्यांचे म्हणणे. ती गोड लागली, हेही सांगितले पाहिजे. आम्ही तीन खाल्ल्या, आणि प्रत्येक भाकरीमागे त्यांचा खोकला ऐकला.

बाहेर ओट्यावर त्यांच्या मुलाशी बोलणे झाले. तो कापसाची शेती करतो आणि हंगाम संपला की हैदराबादेस गवंड्याच्या हाताखाली जातो. २०२० च्या फेब्रुवारीत तो योगायोगाने घरी आला होता. नाहीतर आपल्या आईच्या दारावरून तोही त्याच रस्त्याने चालत आला असता. आम्ही त्यास विचारले, की शहरात एवढ्या भिंती बांधतोस, तर घरच्या चुलीला धुराडे का नाही? तो ओशाळला. म्हणाला, मनातच आले नाही. आईने कधी मागितले नाही. आम्ही त्यास दोष दिला नाही. आमच्या स्वतःच्या आईने जन्मभर चुलीपुढे काढला, आणि आम्हांसही ते कधी सुचले नव्हते.

परत आल्यावर ते जुने ध्वनिमुद्रण शोधून ऐकले. सात मिनिटांचे आहे. पाच मिनिटे आभाळ, दीड मिनिट शुभेच्छा. आणि शेवटच्या प्रार्थनेत, इतर अनेकांबरोबर, 'मजूर' हा एक शब्द.

निघताना मुलगा सांगत होता, की होळीनंतर घरावरचे जुने पत्रे काढून नवे घालायचे आहेत, तेव्हाच चुलीच्या वर धुराडे काढून घेतो. आम्ही जीपमध्ये बसेपर्यंत तो आत जाऊन किती रुंदीचा नळ लागेल ते चुलीशी वाकून वितीने मोजत होता, आणि आजी त्यास ओरडत होत्या, की बाजूला सर, दूध उतू चालले आहे.